शेरडं-मेंढरांसाठी आमच्याकडून काय घ्यावं, काय घेऊ नये
(आटपाडी व परिसरातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचं दुकान पशुखाद्याचं, चाऱ्याच्या बियाण्याचं आणि जनावरांच्या साध्या औषधांचं. गिऱ्हाईक बहुतेक पाच-दहा शेरडं सांभाळणारं. आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ इथलं, आणि पलीकडे माण-खटावातलंही. काउंटरवर बायका जास्त येतात, कारण शेरडांचा व्यवहार घरात त्यांच्याच हातात असतो. उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही, शनिवारच्या बाजाराला तर नाहीच. म्हणून हे छापलं.

सांगायचं ते एवढंच की शेळीपालनात पैसा जगलेल्या करडांवर मिळतो, दावणीला किती शेळ्या बांधल्यात त्यावर नाही. आणि करडू जगवायला जे लागतं त्यातलं बरंचसं आमच्या दुकानात विकत मिळत नाही.

शेळी पाच महिने गाभण राहते. व्यायल्यावर तीनेक महिन्यांत पुन्हा भरली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. पाच शेळ्यांची पंधरा वेतं; निम्मी जुळी धरली तरी बावीस करडं. हा झाला कागदावरचा हिशोब. त्यातली सहा-सात मेली की खुराक, औषध, राखणीचा वेळ सगळं तिथेच जिरतं. मग शेजारी म्हणतो, ‘शेरडांत काय राम नाही.’

करडाचा पहिला दिवस

करडू पडल्यावर अर्ध्या ते एक तासात त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. रोगाशी झगडायची ताकद करडाला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाने कमी होत जाते. दुसऱ्या दिवशी पाजलेल्या चिकाने पोट भरतं, पण ते संरक्षण मिळत नाही. मात्रा सोपी आहे: वजनाचा दहावा हिस्सा, चोवीस तासांत, तीन-चार वेळा विभागून. दोन किलोच्या करडाला साधारण दोनशे मिली.

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत वार (करडामागून पडणारी जार) पडेपर्यंत करडाला सडाला लावत नाहीत. ही रीत सोडा. वार पडायला कित्येक तास लागू शकतात आणि करडाचे मोलाचे तास तेच असतात. उलट करडू ओढायला लागलं की वार पडायला मदतच होते. जुळ्यांत एक दांडगं आणि एक मरतुकडं असेल तर मरतुकडं हाताने धरून आधी पाजा. ज्या शेळीला चीक नाही तिच्या करडाला त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चालतो.

नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून नव्या ब्लेडने कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. ही बाटली मात्र आमच्याकडून न्या, स्वस्त आहे आणि वर्षभर पुरते. पौष-माघाच्या थंडीत पाठीवर गोणपाट आणि खाली कोरडं भुसकट. जमीन ओली राहिली की तीन आठवड्यांनंतर रक्ती हगवण लागते आणि एका करडाला लागली की सगळ्यांना लागते. तेव्हा आमच्याकडे औषधाला धावण्यापेक्षा आधी जागा कोरडी करा, चुना भुरभुरा, पाण्याचं भांडं उंचावर ठेवा.

मेंढीला गायीचं खनिज मिश्रण नको

हे ठळक समजून वाचा. गायी-म्हशींच्या खनिज मिश्रणात तांबं असतं. शेळीला त्याचा तितका त्रास होत नाही, पण मेंढीचं शरीर तांबं फारसं बाहेर टाकत नाही. ते यकृतात साठत जातं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग एकाएकी लघवी लाल-काळी होते, डोळे पिवळे पडतात आणि मेंढी जाते. आम्ही मेंढीची चाटण वीट वेगळी ठेवतो. मागताना ‘मेंढीची’ म्हणून मागा. घरात गायीची वीट असेल तर ती मेंढरांच्या तोंडाला येणार नाही अशी टांगा.

धोका बागेतूनही येतो. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या खरड छाटणीचा पाला फुकट मिळतो. आपल्या भागात टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागा वाढल्या, तेल्या रोगासाठी बोर्डोच्या फवारण्या होतात, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबंच. फवारलेल्या बागेतलं गवत, पाला मेंढीला घालू नका. बागवाला पाहुणा असला आणि ‘न्या की’ म्हणाला तरी विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची.

दुसरं, युरिया असलेलं गायीचं खाद्य लहान करडांना घालू नये. पोत्यावर लिहिलेलं असतं, नाहीतर आम्हाला विचारा. लग्नातला उरलेला भात, शिळ्या भाकरी, ज्वारी-मक्याचे दाणे पोटभर मिळाले की पोटात आम्ल वाढून शेळी दगावते. हे लगीनसराईत दरवर्षी घडतं.

चारा

मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर वाळलेलं आणि गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पावशेर खुराक पुरतो. वाळलेल्यात तुरीच्या भुसकटाला तोड नाही. मळणीच्या वेळीच भरून ठेवा. बांधावर शेवरी, हादगा, दशरथ घास लावा. बी आमच्याकडे आहे. सुबाभूळही चांगली, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळतात. गव्हाण उंच ठेवा किंवा पाला बांधून टांगा, कारण पायाखाली तुडवलेलं शेळी खात नाही. वळवाच्या पावसानंतर फुटलेली कोवळी ज्वारी, कापलेल्या ज्वारीचे फुटवे यांपासून जनावर लांब ठेवा. त्यात विष असतं.

जंताचं औषध आणि लस

जंताची बाटली आमच्याकडे सगळ्यात जास्त खपते आणि ती गरजेपेक्षा जास्त खपते. दर महिन्याला सगळ्या खांडाला (कळपाला) पाजलं तर जंतच औषधाला सरावतात. शेळीची खालची पापणी उलटून बघा: लालसर गुलाबी असेल तर थांबा, पांढरी फटक असेल तर पाजा. मात्रा वजनावर, नजरेवर नाही. डोकं फार वर करून ओतू नका, औषध फुप्फुसात जातं. अल्बेंडाझोल गाभणीच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नका, गर्भाला धोका असतो.

लसी आम्ही ठेवत नाही. त्या सतत थंड राहाव्या लागतात आणि आपल्याकडे वीज जाते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घ्या: मे महिन्यात, पावसाआधी, आंत्रविषार आणि घटसर्प, करडू चार महिन्यांचं झाल्यावर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेगसारखा साथीचा रोग). आंत्रविषाराची लस पहिल्यांदा घेताना पंधरा दिवसांनी पुन्हा टोचावी लागते, हे बरेच जण विसरतात. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर संध्याकाळी धडधाकट असलेलं मेंढरू सकाळी फुगून पडलेलं दिसतं, ते बहुधा आंत्रविषारानेच. अडचण आली तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक आहे.

जनावर घेताना

आधी लाखाची शेड आणि मग शेळ्या, हा क्रम उलटा करा. कोरड्या मुलखात दहा-बारा चौरस फूट सावली एका शेळीला पुरे; प्लॅस्टिकची जाळीदार जमीन पाटण-जावळीच्या पावसात कामाची, इथे नाही.

बाजारातून पैदाशीची शेळी घेण्यापेक्षा कुणाच्या तरी घरच्या खांडातून घ्या, आईचं दूध आणि जुळ्यांचा इतिहास विचारता येतो. बाजारातून घेतलीच तर तीन आठवडे वेगळी बांधा. दात बघा: दोन मोठे दात आले तर वय साधारण वर्ष-सव्वा वर्ष, चार आले तर दोनच्या आसपास. वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो, पण तो दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच पाटी (तरुण शेळ्या) त्याला भरतात आणि करडं खुजी निघतात.

जातीचा मोह सांभाळा. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली, मालकाने दिला नाही. जतकडची ही उंच, बाकदार नाकाची जात चांगली आहे, यात वाद नाही; पण ती किंमत हौसेची आणि पैदाशीच्या नराची आहे, मटणाच्या दराची नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून सुवर्णा तयार केली. तीही उत्तम, पण दोन कोकरांच्या आईला दोघांपुरता खुराक घालायची तयारी हवी. शेरडांत कोरड्या रानासाठी उस्मानाबादीच बरी. पैदाशीची जनावरं मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या दहिवडी आणि रांजणी प्रक्षेत्रांवर मिळतात, आधी चौकशी करून जा.

विकताना

नजरेच्या अंदाजाने विकलं तर व्यापारीच जिंकतो, कारण त्याची नजर रोज तयार होते. वजनावर विका. त्यासाठी आम्ही टांगायचा स्प्रिंगकाटा मोफत देतो, दुसऱ्या दिवशी परत आणायचा. बकरी ईदसाठी बोकड धरायचा असेल तर तो वर्षाचा भरलेला हवा. म्हणजे ईदेच्या दीड वर्ष आधी शेळी भरवायला हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हेही धरा. लेंडीखत उकिरड्यावर सांडू नका, बागवाले विकत घेतात.

सरकारी योजनांचे फॉर्म आम्ही भरत नाही, त्यासाठी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जा. धनगर समाजातल्या मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, वीस मेंढ्या आणि एक नर, पंचाहत्तर टक्के अनुदान. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं पन्नास टक्के अनुदान शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून सुरू होतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये असं आमचं मत.

सल्ला विचारायचा असेल तर शनिवार सोडून कधीही सकाळी या. येताना जनावराचं वजन, व्याल्याची तारीख आणि आधी पाजलेल्या औषधाची बाटली घेऊन या. रिकामी असली तरी चालेल.