झालिप्येची फुलं काजळी लपवायला काढलेली नाहीत

दक्षिण पोलंडमध्ये तार्नुफ शहराजवळच्या झालिप्ये गावातल्या फुलांच्या घरांचे फोटो सतत फिरत असतात. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘बायकांनी भिंतींवरची काजळी झाकायला त्यावर फुलं रंगवली.’ इथे दोन वेगळ्या टप्प्यांची गल्लत झाली आहे.

काजळी होती हे खरं. जुन्या घरांना धुराडं नव्हतं, चुलीचा धूर छपरातल्या भोकातून बाहेर पडे. काळवंडलेल्या भिंतींवर बायका चुन्याचे ठिपके मारत. तेव्हा फुलं नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, धुराडी बसून भिंती स्वच्छ राहू लागल्यावर. काजळी गेली म्हणून फुलांना जागा मिळाली!

काजळीवर नाजूक काम टिकतही नाही. ती तेलकट असते, रंग धरत नाही आणि चुन्यातून पिवळट डाग वर येतो. आधी भिंत खरवडून, चुन्याचे दोन पातळ हात देऊन, पूर्ण वाळल्यावरच पाकळी काढावी.

सुरुवातीचे रंग घरचेच: चुना, माती आणि काळ्यासाठी तीच काजळी. रंग धरून ठेवायला दूध किंवा अंड्यातला पांढरा भाग. बाहेरच्या भिंतीवर असे रंग पावसाने उतरतात, म्हणून पुन्हा रंगवावं लागे.

‘हजार वर्षांची परंपरा’ असंही सांगितलं जातं, तेही चूकच: फुलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, आणि रंगवलेल्या घरांची तिथली स्पर्धा तर 1948 साली सुरू झाली. फेलित्सिया त्सुरिवोवा (1904–1974) ही गावची सर्वांत नावाजलेली चित्रकर्ती; तिचं घर आज संग्रहालय आहे.