टाइप १ मधुमेह, तरुण स्त्रिया आणि हाडांची घनता : पार्श्वभूमी

१९२२ साली इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. त्याआधी टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणेच थांबण्याचा आजार, झालेली मुले निदानानंतर फार काळ जगतच नसत, त्यामुळे त्यांच्या हाडांचे पुढे काय होते हे पाहायची वेळच येत नसे. मधुमेह्यांची हाडे विरळ असल्याच्या नोंदी पुढच्या काही दशकांत झाल्या, १९७६ मध्ये हाताच्या हाडातले खनिज मोजूनही तसेच आढळले. पण सगळे लक्ष डोळे, मूत्रपिंड आणि पायांकडे राहिले.

खरा गुंता १९९४ नंतरचा. हाडे ठिसूळ झाली असे कधी म्हणायचे, याची रेषा त्या वर्षी जागतिक पातळीवर ठरली : टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली. हा स्कोअर निरोगी तरुण स्त्रीच्या घनतेशी तुलना करतो, आणि रेषा आखली गेली ती पाळी गेलेल्या स्त्रियांच्या आकडेवारीवरून. पाळी चालू असलेल्या स्त्रीला ती लावायची नाही, तिची तुलना समवयस्कांशी करायची, म्हणून झेड-स्कोअर. तो उणे २च्या वर असला की अहवालात ‘वयाच्या मानाने अपेक्षित’ असे येते. सव्वीस वर्षांच्या, दहाव्या वर्षापासून इन्सुलिन घेणाऱ्या मुलीच्या कागदावर उणे १.३ असेल, तरी शेरा हाच. निरोगी स्त्रीला तो दिलासा आहे. हिच्या बाबतीत तो अपुरा आहे, कारण हाडांचा भक्कमपणा साधारण तिशीपर्यंतच साठतो आणि तिची ती वर्षे आजारातच गेली.

शिवाय हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजणारे डेक्सा यंत्र हाडाची जाडी मोजत नाही, सपाट क्षेत्रफळावर घनता काढते. लहान चणीच्या मुलीची घनता त्यामुळे आहे त्याहून कमी दिसते. म्हणजे हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो.

२००७च्या एका एकत्रित विश्लेषणाने घनता आणि हाड मोडण्याचा धोका यांच्यातली विसंगती उघड केली. टाइप १ मधुमेहात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका सहा-सात पट निघाला, तर घनतेतल्या घटीवरून तो दीडपटही व्हायला नको होता. उरलेले कारण हाडाच्या प्रतीत आहे : साखर चिकटून कडक झालेले कोलॅजन (हाडाला लवचीकपणा देणारे प्रथिन) आणि मंदावलेली हाडाची नवनिर्मिती. त्यात रक्तातली साखर एकदम उतरल्याने तोल जाऊन पडण्याचा धोका, आणि काहींना सीलिअ‍ॅक आजारामुळे (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) कॅल्शियम नीट न शोषले जाणे.

पुढच्याच वर्षी आलेल्या, हाड मोडण्याचा धोका मोजण्याच्या प्रसिद्ध गणनसाधनात टाइप १ मधुमेहाला हाडे ठिसूळ होण्याच्या ‘दुय्यम कारणां’च्या चौकटीत जागा मिळाली. मात्र घनतेचा आकडा भरला की त्या चौकटीतली खूण हिशेबातून गळते. आणि हे साधन मुळात चाळिशीच्या पुढच्यांसाठीच आहे.

२०२४ मध्ये मधुमेहाच्या एका मोठ्या मार्गदर्शिकेत हाडांच्या आरोग्याला स्वतंत्र विभाग मिळाला. तपासणीचा भर ६५ वर्षांपुढच्यांवर आहे, त्याखाली एकाहून अधिक धोके असतील तरच.