गव्हाचा चीक, दुधाचा चीक आणि नेपल्सची पास्तिएरा

चैत्राच्या सुमाराला कुरडया करणाऱ्या घरात एक वास सुटतो. गहू पाण्यात पडून दोन दिवस झालेले असतात. पातेल्यावरचं ताट उचललं की आंबूस, ताकासारखा भपकारा येतो आणि आतून कुणीतरी विचारतं, "अगं, आज पाणी बदललंस का?" साधारण याच दिवसांत, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, दक्षिण इटलीतल्या नेपल्समध्येही गहू भिजत पडलेले असतात. तिथेही तीन दिवस, तिथेही रोज पाणी बदलायचं. फक्त तिथे त्याची पास्तिएरा होते.

इटालियन म्हटलं की आपली गाडी पिझ्झा आणि पास्त्यावर अडते, म्हणून आधी हा पदार्थ काय आहे ते सांगते. मैद्याच्या खुसखुशीत पारीची ताटली, तिच्यात शिजवलेले गहू, रिकोटा (एक मऊ, ओलसर इटालियन चीज), साखर, अंडी, पाकवलेल्या संत्र्याच्या साली, दालचिनी आणि फुलांचं अर्क-पाणी यांचं सारण, वरून पारीच्याच आडव्या-तिरक्या पट्ट्या, आणि तासाभराहून जास्त वेळ ओव्हनमध्ये. नेपल्समध्ये एक किस्सा हमखास ऐकवतात. राजा फर्डिनंड दुसरा याची राणी मारिया तेरेसा (लग्न 1837 सालचं) कधी हसायची नाही. पास्तिएराचा घास खाल्ला आणि हसली. राजा म्हणाला, आता पुन्हा हसताना बघायला पुढच्या ईस्टरची वाट बघायची! खरं-खोटं सोडा. त्यात पदार्थाचा एक स्वभाव मात्र नेमका आला आहे: वाट बघणं.

आता गव्हाकडे. कोरड्या दाण्यात पाणी असतं जेमतेम 12-13 टक्के. भिजत घातला की पाणी आधी शिरतं ते अंकुराच्या टोकाकडून, कारण बाकी अंगावर कोंड्याचे थर घट्ट बसलेले असतात. आपल्या उन्हाळ्यात एका दिवसात दाणा जेवढं प्यायचं तेवढं बहुतेक पिऊन होतो. मग तीन दिवस कशाला? कुरडईसाठी उत्तर सोपं आहे. त्या दिवसांत पाण्यातले जीवाणू आम्ल तयार करतात, दाणा आतून सैल पडतो आणि वाटल्यावर स्टार्च कोंड्यापासून सहज सुटतो. तो सुटलेला, खाली बसलेला पांढरा स्टार्च म्हणजेच आपला चीक. पास्तिएरात दाणा फोडायचा नसतो. तिथे गार हवेत पाणी सावकाश आत जातं आणि कोंडा मऊ पडतो, एवढंच हवं असतं. म्हणून कुरडईत जी आंबण हवीशी असते, तीच इथे नको असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये हा प्रयोग करणाऱ्याने गहू फ्रिजमध्येच भिजवावेत, नाहीतर नेपल्सच्या सणाला कुरडईचा वास येईल. कोल्हापूर-सांगलीकडे खिरीसाठी सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली, खपली मिळते, ती घेतली तर कामच हलकं होतं. खपली म्हणजे इटलीत ज्याला फार्रो म्हणतात, त्याच कुळातला गहू.

शिजवताना स्टार्चचे कण साधारण 55 ते 65 अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट रचना मोडते. वजन दुपटीहून जास्त होतं. नेपल्सची बाई इथे थांबत नाही. शिजलेले गहू ती पुन्हा दुधात, थोडी चरबी किंवा लोणी आणि लिंबाची साल घालून आटवते. दाण्यातून अमायलोज नावाचे स्टार्चचे लांब, सरळ रेणू बाहेर झिरपतात आणि दूध दाटसर होतं. थोडक्यात, चीक सुटतो, पण दाणा जागेवर राहतो. आता तिथेही बहुतेक घरांत शिजलेल्या गव्हाची बरणीच दुकानातून येते, त्यामुळे फार अपराधी वाटून घेऊ नये. सिसिलीत तर गव्हावर इतके संस्कारही करत नाहीत. 13 डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी, तिथे कुच्चिया खातात: उकडलेले गहू आणि गोड रिकोटा. 1646 च्या दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांना दळायचाही धीर निघाला नाही, अशी त्यामागची कथा आहे. पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य.

आणि रिकोटा. इथे मी सपशेल आपटले होते.

रिकोटा या शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'. चीज करून उरलेलं पाणी पुन्हा तापवायचं की रिकोटा तयार होतो, असं वाचलं आणि दोन लिटर दुधाचं पनीर केल्यावर उरलेलं हिरवट पिवळं पाणी मोठ्या उत्साहाने गॅसवर ठेवलं. अर्धा तास ढवळलं. कडेला जरासा पांढरा फेस जमला. पंच्यावर गाळून घेतलं, तर हाती आला एक चमचा, तोही धड भरलेला नाही. चूक माझ्या हाताची नव्हती, पनीरच्या रीतीची होती.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के केसीन असतं. उरलेली 20 टक्के पाण्यात विरघळलेली असतात, त्यांतलं मुख्य बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. केसीन उकळीला दाद देत नाही, पण आम्ल घातलं की फाटतं. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचं उलट आहे. गोड दुधात त्याला आम्लापेक्षा उष्णतेचं वावडं. साधारण 70 अंशांच्या पुढे त्याची घडी उलगडते आणि ते दिसेल त्याला चिकटतं. इटलीत चीज करताना दूध फक्त कोमट करून त्यात रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालतात. केसीनची चकती बांधली जाते आणि ही दुसरी प्रथिनं पाण्यात जशीच्या तशी राहतात. ते पाणी 80 ते 90 अंशांवर तापवलं की ती उलगडून एकमेकांना धरतात आणि पांढरे ढगांसारखे गोळे वर तरंगतात. आपण पनीरसाठी दूध आधी उकळतो. त्या उकळीतच ही प्रथिनं केसीनला चिकटून बसतात आणि लिंबू पिळलं की त्याच्याबरोबरच खाली येतात. मग पाण्यात उरणार काय? माझा एक चमचा.

उष्णतेने घट्ट होणाऱ्या या प्रथिनांची चव मात्र आपल्याला अनोळखी नाही. व्यालेल्या गाईचा चीक विरजण किंवा लिंबू न घालता नुसत्या वाफेवर खरवस होऊन बसतो, तो याच स्वभावामुळे. चिकात नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट प्रथिनं असतात आणि त्यांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा. तीही तापली की जाळं विणतात. म्हणजे पास्तिएरात एका अर्थाने दोन्ही चिकांची जात भेटते, गव्हाच्याही आणि गाईच्याही. मराठीने दोन्हींना एकच शब्द का दिला असेल, ते सारण ढवळताना कळतं.

उलगडून एकदा बांधली गेलेली प्रथिनं पुन्हा वितळत नाहीत, म्हणून रिकोटा ओव्हनमध्ये मोझरेलासारखा वाहत नाही. पनीरही तव्यावर वितळत नाहीच. तेव्हा घरी सरळ दूध फाडून ओलसर, मऊ पनीर करावं, ते रात्रभर टांगावं आणि बारीक चाळणीतून दाबून काढावं. शास्त्रशुद्ध रिकोटा नव्हे, पण चालतो. चक्का मात्र घेऊ नये, आंबटपणा लपत नाही.

पारीबद्दल फार सांगायला नको. करंजीला मोहन घालणाऱ्याला ती आपोआप कळते. चरबी मैद्याच्या कणांवर बसते, पाणी आणि प्रथिनांची गाठ पडू देत नाही, म्हणून ग्लुटेनचं चिवट जाळं होत नाही. नेपल्सच्या जुन्या घरांत त्यासाठी डुकराची चरबी वापरायचे. लोण्यात 15-16 टक्के पाणी असतं, चरबीत जवळजवळ नाहीच. साजूक तुपातही नाही, आणि माझ्या मते तुपाची पारी लोण्याहून सरस होते.

वासाचा खेळ मात्र निराळा. सारणात चमचाभर पडतं ते कडू संत्र्याच्या फुलांचं ऊर्ध्वपातित पाणी. त्यात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, जे धन्यातही भरपूर असतं. मिथाइल अँथ्रानिलेट असतं, ज्याने जांभळ्या द्राक्ष-गोळ्यांना त्यांचा वास येतो आणि जे मोगऱ्यातही सापडतं. शिवाय किंचित इंडोल, जे कणभर असेल तर फूल वाटतं आणि जास्त झालं तर चक्क विष्ठा. म्हणून बाटली तिरकी करताना हात आखडावा. मोगऱ्याच्या गजऱ्याची आठवण येईल इतपत पुरे.

लहान ताटलीला 300 ग्रॅम रिकोटा, 250 ग्रॅम साखर, 250 ग्रॅम शिजलेले गहू आणि 3 अंडी. साखर जास्त वाटेल, पण तिला हात लावू नका. ती पाणी धरून ठेवते आणि अंड्याची प्रथिनं जरा उशिरा, जास्त तापमानाला बांधली जातात, त्यामुळे सारण मऊ राहतं. ओव्हन 170 अंशांवर, सव्वा तासाच्या आसपास. वरच्या पट्ट्या सातच असाव्यात असं नेपल्समध्ये ठासून सांगतात. सहा-आठ झाल्या तर पदार्थाला कळत नाही. मोकळ्या चौकडींतून वाफ जाते, एवढंच पुरेसं. सारण फुगून वर येतं, मग बसतं. मधोमध हलकं थरथरत असतानाच बाहेर काढावं. आणखी ठेवलं तर प्रथिनांचं जाळं आवळतं आणि पाणी सुटतं.

आणि आता हात बांधून बसायचं. नेपल्समध्ये पास्तिएरा पवित्र गुरुवारी किंवा शुक्रवारी भाजतात आणि रविवारी कापतात. मी धीर न धरता शुक्रवारी रात्रीच एक तुकडा कापला. पारी बिस्किटासारखी कडक, गहू वेगळा, रिकोटा वेगळा, आणि फुलांचा वास नाकात घुसणारा. रविवारी त्याच ताटलीतला तुकडा ओळखू येईना. ओल्या सारणातलं पाणी कोरड्या पारीत सरकून ती दाताखाली अलगद फुटत होती, वास रिकोटाच्या स्निग्धांशात मुरला होता, दालचिनी आता कुठे जाणवायला लागली होती.

तिथले लोक ती बाहेरच ठेवतात. फ्रिजमध्ये साधारण 4 अंशांना शिजलेला स्टार्च सगळ्यात लवकर पुन्हा कडक होतो, कालचा फ्रिजमधला भात होतो तसा. पण नेपल्सचा एप्रिल आणि पुण्याचा एप्रिल यांत फरक आहे, आणि अंडी-रिकोटा घातलेली वस्तू पस्तीस-चाळीस अंशांत दोन दिवस ओट्यावर ठेवणं म्हणजे पोटाला आमंत्रण. माझी फ्रिजमध्येच मुरली. खाण्याआधी तुकडा ओव्हनमध्ये दहा मिनिटं मंद तापवला, 60 अंशांच्या वर गेला की कडक झालेला स्टार्च बराचसा सैल होतो, आणि मग पुन्हा कोमट होईपर्यंत थांबले.