मुक्कामाची सॅक आणि पुराची थैली

२०२० च्या ऑगस्टमधले शेवटचे दिवस. घरोघरी गणपती बसले होते. आमच्याकडे, ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी, पाऊस होता, पण गाव बुडवेल असा नव्हता. पाणी वरून आलं. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून वैनगंगेत पाणी सोडलं गेलं आणि मग आमच्या वरच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले. नदी वावरातून गावाकडे सरकू लागली तेव्हा मी सवयीने कोपऱ्यातली, जंगलातल्या मुक्कामाची सॅक पाठीला मारली, आईचा हात धरला आणि उंचावरच्या शाळेकडे निघालो. मनात धीर होता. तयार सॅक घरात असलेला आमच्या ओळीतला मी एकटाच होतो.

शाळेत पोचल्यावर सॅक उघडली. दोन माणसांचा तंबू, स्लीपिंग बॅग, दोर, चाकू, छोटी गॅसशेगडी, डोक्याला बांधायचा टॉर्च. शाळेला छत होतं, म्हणून तंबू नको. खिचडी गावातल्याच पोरांनी मोठ्या गंजात शिजवली, म्हणून शेगडी नको. रात्री आईने विचारलं, "बाबू, माह्या बीपीच्या गोळ्या घेतल्या का?" गोळ्या फळीवर होत्या, आणि फळी पाण्यात. चष्माही तिथेच. बँकेचं पासबुक लोखंडी पेटीत, पेटी पलंगाखाली. करोनाचे दिवस, आणि मास्क तेवढा तोंडावर होता तोच. ती रात्र मी विसरलो नाही, म्हणूनच हे लिहितोय.

मुक्कामाची सॅक आणि पुरात उचलायची थैली, दोन्ही बॅगा तयार भरलेल्या असतात, दोन्हींत टॉर्च, पाणी आणि औषधं असतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण मुक्कामाची सॅक भरताना घर मागे शाबूत असतं. कधी निघायचं, कधी परतायचं हे ठरलेलं असतं, आणि चार दिवस पुरेल एवढं घराबाहेर जगण्याचं सामान आपण घेतो. पुराची थैली भरताना घरच उरणार नाही असं धरून चालायचं. ती कधी उचलावी लागेल ठाऊक नाही, परत कधी येऊ तेही नाही. पहिलीत जंगलात न मिळणाऱ्या वस्तू हव्यात. दुसरीत पैसे दिले तरी दुसऱ्या दिवशी मिळणार नाहीत अशा वस्तू हव्यात.

बुद्ध पौर्णिमेला ताडोबा, मेळघाट, पेंचमध्ये मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी पाहतात, ती रात्र घ्या. दुपारी चढायचं ते सकाळीच उतरायचं. मळकट रंगाचे कपडे, भरपूर पाणी, वास न सुटणारं कोरडं खाणं, अंथरायला चादर, दुर्बीण. वैशाखाचं ऊन अंगात मुरलेलं असतं म्हणून ओआरएसची पाकिटं. अत्तर घरी ठेवायचं. ही सॅक आदल्या संध्याकाळी यादी समोर ठेवून भरता येते आणि परतल्यावर रिकामी करून धुता येते. नवेगाव बांध किंवा चिखलदऱ्याला जाताना तंबू आणि गरम कपड्यांची भर पडते, एवढंच.

पुराच्या थैलीत मी सगळ्यात आधी रोजची औषधं टाकली. घरातल्या प्रत्येकाच्या निदान आठवड्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. चिठ्ठी असली की तपासणाऱ्या नव्या डॉक्टरांना डोस विचारत बसावं लागत नाही. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला गोळीचा रंग आठवतो, नाव आठवत नाही. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना ते थैलीत ठेवता येत नाही, खराब होतं. त्यांनी थैलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं : फ्रीजमधलं इन्सुलिन घ्या. बायामुलींसाठी सॅनिटरी पॅड हवेतच. शाळेत तीन दिवस ते मागायला कुणाची जीभ रेटत नव्हती आणि वाटणाऱ्यांपैकी कुणाला सुचतही नव्हतं. लहान बाळ असेल तर त्याच्या वस्तूंची वेगळी पिशवी करावी.

मग कागदपत्रं. मुक्कामाच्या सॅकमध्ये ओळखपत्र पुरतं. इथे कागद म्हणजे पुढचे सहा महिने. पूर ओसरला की तलाठी पंचनाम्याला येतात, मदत बँक खात्यात जमा होते, आणि खाते क्रमांक तोंडपाठ असलेला शेतकरी मला अजून भेटलेला नाही. सातबारा पुन्हा काढता येतो, आधारही निघतं, त्यांच्या झेरॉक्स चालतील. जमिनीचं खरेदीखत, मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, पासबुक, पीक विम्याची पावती हे मात्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बंद करून. शिवाय मोबाइलवर घराचे, कोठ्याचे (म्हणजे गोठ्याचे), बैलांचे आणि मोटरपंपाचे फोटो काढून बाहेरगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. घर पडल्यावर आधी तिथे काय होतं हे सांगायला तेवढाच पुरावा उरतो. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते आजच करा असं मी प्रत्येकाला कळवळून सांगतो.

गंमत नाही, पण खरी गफलत दोन्हीकडे लागणाऱ्या वस्तूंतच होते. टॉर्च घ्या. माझा डोक्याचा टॉर्च चार्जिंगचा होता. जंगलात उत्तम, कारण निघण्याआधी तो चार्ज केलेला असतो. शाळेत दुसऱ्या रात्री तो विझला आणि वीज तर गावभर गेलेली. थैलीत आता साधा सेलवरचा टॉर्च आहे, आणि सेल टॉर्चच्या बाहेर, वेगळ्या पुडीत. आत राहिले तर महिन्यांनी पाझरतात आणि टॉर्चही निकामी करतात.

पाण्याचं याहून महत्त्वाचं. जंगलातल्या झऱ्याचं पाणी उकळलं की बहुतेक वेळा भागतं. पुराचं पाणी तसं नसतं. कपाशी-सोयाबीनच्या वावरांतून, संडासांवरून, खतांच्या गोदामांतून ते आलेलं असतं. उकळलं की जंतू मरतात, फवारणीचं औषध जात नाही. गाळणीच्या बाटलीचंही तेच. म्हणून पुरात बुडालेल्या विहिरीचं पाणी, ती उपसून साफ होईपर्यंत, प्यायचंच नाही. थैलीसोबत माणशी निदान एक भरलेली बाटली, आणि टँकरच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या. पाणी गढूळ दिसलं तर आधी फडक्याने गाळायचं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. हगवण लागली आणि ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाण्याचं सोपं आहे. सहलीला रोडगे भाजायची मजा असते, इथे चूल नाही असं समजायचं. फुटाणे, गूळ, शेंगदाणे, बिस्किटं. कपडे माणशी एक जोड, प्लास्टिकमध्ये. रोख पैसे दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांत, कारण टॉवर पडला की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि पाचशेचे सुटे कुणाकडे नसतात. नंबर कागदावर लिहून : १०८ रुग्णवाहिका, ११२ तातडीची मदत, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, आणि दोन नातेवाईक.

सर्पदंशासाठी मात्र दोन्ही बॅगांत काहीही ठेवू नका. ब्लेड नको, करकचून बांधायला दोरी नको. पूर ओसरताना नाग, मण्यार, घोणस कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. हातात काठी आणि टॉर्च असावा. दंश झालाच तर माणसाला शांत ठेवून, चालू न देता, प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं.

वजनाचा हिशोबही उलटा आहे. मुक्कामाची सॅक घरातला दणकट माणूस वाहतो, पंधरा किलो झाली तरी चालते. थैली उचलायची वेळ येईल तेव्हा तो माणूस वावरात असेल किंवा नागपूरला असेल. म्हणून ती आईला एका हाताने उचलता यावी, दुसरा हात नातवाचा धरायला मोकळा हवा. वैनगंगेने आम्हाला काही तास दिले. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदीचं पाणी शिरलं तेव्हा लोकांना तेवढा वेळ मिळाला नाही. २०४ माणसं गेली. थैली हलकी करायची म्हटलं की मला तो आकडा आठवतो. कोठ्याच्या दाराशी मी एक विळाही टांगला आहे, दावं कापायला. ओली गाठ अंधारात सुटत नाही आणि बांधलेलं जनावर जागीच बुडतं.

दोन्हींचं काम एकाच बॅगेत भागवा असं काही जण सुचवतात. मी ते करून पाहिलं. सहलीला थैलीतला टॉर्च गेला, मग पॉवर बँक गेली, मग रोख रकमेतले दोनशे रुपये, आणि जून आला तेव्हा थैलीत फक्त कागद होते. आता नियम असा की थैलीतली वस्तू बाहेर जात नाही. वेळ असला तर पुराच्या दिवशी मुक्कामाची सॅक खुशाल सोबत घ्यावी, स्लीपिंग बॅग शाळेच्या फरशीवर कामी येते.

थैली टांगायची कुठे? आधी मी टिनाच्या छताखाली माळ्यावर ठेवली होती, पाण्यापासून उंच म्हणून. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. बऱ्याच गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. पॉवर बँक फुगली, गोळ्यांचा रंग बदलला. आता थैली दाराजवळच्या मातीच्या भिंतीला, खांद्याच्या उंचीवर खुंटीला असते. मृग लागण्याआधी एकदा, पोळ्याला एकदा आणि दिवाळीला एकदा ती पूर्ण ओतून पाहतो. गोळ्या जुन्या झाल्या असतील तर रोजच्या वापरात घेऊन नव्या ठेवायच्या, पॉवर बँक चार्ज करायची, फुटाणे खाऊन टाकायचे.

यंदा मृगाआधी ओतली तेव्हा पुतणीचा फ्रॉक तिला आखूड झालेला निघाला, तो बदलला. आईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तिचा जुना चष्मा दोरा बांधून थैलीच्या वरच्या कप्प्यात ठेवला आहे. त्यातून पेपर वाचता येत नाही, पण गोळीचं नाव वाचता येतं, तिच्याकडून वाचून घेतलं.