तलफ (व्यसनाचं मानसशास्त्र)

तलफ म्हणजे दारू, तंबाखू, गांजा, गर्द, ज्याचं व्यसन लागलंय ती गोष्ट आत्ताच्या आत्ता पाहिजे अशी आतून येणारी जबरदस्त ओढ. व्यसन आहे का हे ठरवताना डॉक्टर जी लक्षणं बघतात त्यात ती येते, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजार ओळखायच्या पुस्तकात, तिला स्वतंत्र लक्षण म्हणून घेतलं. घरच्यांना मात्र तलफ दिसत नाही, त्यांना दिसतो तो परत पिऊन आलेला माणूस, आणि मग "मनावर घेतलं असतं तर कधीच सुटली असती" हे ऐकवलं जातं. इतकं सोपं ते नसतं.

मजा येते म्हणून माणूस पितो हा सगळ्यात मोठा गैरसमज. सुरुवातीला येते मजा, खोटं नाही, पण पंधरा-वीस वर्षं पिणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो की आता नीट चढत पण नाही, तरी पाहिजेच. मिशिगन विद्यापीठातल्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ साली हेच मांडलं, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत, हवीशी वाटण्यामागे डोपामिन हे मेंदूतलं रसायन जास्त, आणि नशा करत गेलं की ही हाव वाढत जाते पण आवड वाढत नाही, उलट कमी पण होते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगात आधी ज्यूस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी जोरात काम करायच्या, पण ज्यूसच्या आधी दिवा लागतो हे माकडांना कळल्यावर त्या पेशी दिव्यालाच प्रतिसाद द्यायला लागल्या.

पिणाऱ्यासाठी तो दिवा म्हणजे कामावरून सुटायची वेळ, पगाराची तारीख, वाईन शॉपकडे वळणारा रस्ता, चकण्याचे शेंगदाणे, ज्याच्याबरोबर बसायचं त्या मित्राचा फोन, घरातलं भांडण, आणि हो, पोरगी पास झाली हा आनंद सुद्धा. केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९४० च्या दशकात अब्राहम विक्लर यांनी पाहिलं की मॉर्फिन सुटून महिने झालेले पेशंट ग्रुपमध्ये नशेचा विषय निघाला की जांभया द्यायला लागतात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, आपल्याकडे गर्दवाले ज्याला टर्की म्हणतात, तिची लक्षणं, अंगात काही नसताना, नुसत्या बोलण्याने.

जागेचा हा परिणाम किती खोल असतो ते शेपर्ड सीगल यांच्या १९८२ च्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसतं. हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला, नेहमीच्या जागी दिला तेव्हा ३२ टक्के मेले आणि नवीन जागी तोच डोस दिला तर ६४ टक्के. उलट बाजूचं उदाहरण व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांचं, तिथे जवळपास पाचातला एक जण हेरॉइन-अफूत अडकलेला होता, पण ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला तेव्हा अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात फक्त ५ टक्क्यांच्या आसपास परत व्यसनात गेले. युद्ध, छावणी, स्वस्तात मिळणारा माल, सगळंच मागे राहिलं होतं.

पण म्हणून नुसतं गावी पाठवून दिलं की सुटेल असं समजू नये, दारू गावात पण मिळते. आणि लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल हा सल्ला तर कोणीच कोणाला देऊ नये, एका मुलीचं आयुष्य पणाला लावायचा हक्क कोणालाच नाही.

आजूबाजूच्या वातावरणाने किती फरक पडतो हे श्रावण पाळणाऱ्यांकडे पाहिलं तर घरबसल्या समजतं. गटारीला भरपूर पितात, मग महिनाभर थेंब नाही आणि बऱ्याच जणांना जमतं सुद्धा, कारण घरात नियम असतो, मित्र पण पाळत असतात, कोणी आग्रह करत नाही. पण महिनाभर थांबता आलं म्हणजे व्यसन नाही असा अर्थ निघत नाही, श्रावण संपायचे दिवस मोजले जातायत का ते बघायचं. माळ घातलेल्या वारकऱ्याचं वेगळं, त्याला सोबत मिळते आणि आपण आता पिणारे नाही ही नवी ओळख मिळते, ती महिन्याने संपत नाही.

तलफ कायम टिकत नाही हे पेशंटला कोणीतरी सांगायलाच पाहिजे. सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट तिला लाटेसारखी मानायचे, चढते, टोकाला जाते, आणि न पिता थांबलं तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. एक पेग झालाच आहे तर आता काय उरलं, जाऊ दे, या विचाराने छोटी घसरण मोठी होते हेही त्यांनी दाखवलं, त्यामुळे एकदा घसरलेल्याला घरातून शिव्या मिळाल्या तर तो अजून पितो.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र नुसत्या निर्धारावर एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट येणं, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम, यात जीव जाऊ शकतो, डॉक्टर लागतातच. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अॅकाम्प्रोसेट अशी औषधं आहेत. डायसल्फिरामचं काम वेगळं, ती गोळी घेऊन दारू प्यायली की उलट्या, धडधड, बीपी खाली, म्हणून पेशंटला न सांगता जेवणात औषध कालवणं अतिशय धोकादायक आहे, जाहिरातवाले काहीही म्हणोत.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे पेशंटच्या बायकांसाठी सहचरी गट आहे, कारण नवरा पितो त्यात आपली चूक नाही हे त्यांना पण कोणीतरी सांगावं लागतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री आहे, घरचे सुद्धा फोन करू शकतात.