बाहेरचा मॉनिटर काळा का राहतो: लिनक्स लॅपटॉपमधल्या दोन ग्राफिक्स चिपांची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात भाची तिचा लॅपटॉप घेऊन घरी आली. सेकंडहँड घेतलेला गेमिंग लॅपटॉप, आत इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, वर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती. तक्रार एकच: एचडीएमआय केबल लावली की बाहेरचा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून झोपी जातो. केबल बदलून झाली होती, मॉनिटर बदलून झाला होता, आणि शोधून काढलेले सात-आठ उपायही एकामागून एक करून झाले होते. ‘मामा, पोर्टच गेलंय का?’ असं तिने विचारलं तेव्हा ती खरोखर रडकुंडीला आली होती.

पोर्ट ठणठणीत होतं. बिघाड त्या उपायांमध्येच होता. त्यातला एकही खोटा नव्हता. प्रत्येक उपाय आपापल्या वर्षी बरोबर होता. कुणी २००६ सालचा, कुणी २०१२ सालचा, कुणी २०१९ सालचा. लिनक्सवर बाहेरचा मॉनिटर चालवण्याची पद्धत वीस वर्षांत चार-पाच वेळा मुळापासून बदलली, पण जुने सल्ले तसेच फिरत राहिले. म्हणून कोणता सल्ला कोणत्या काळातला, हे कळण्यापुरता हा इतिहास माहीत असायला हवा.

सुरुवात एक्सपासून. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. लॅपटॉप आज नेला, उद्या आणला, मधेच प्रोजेक्टरला लावला, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. मॉनिटर टेबलावरचा आणि कायमचा. त्याचं रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, कार्डाचं नाव सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहायचं आणि एक्स पुन्हा चालू करायचा. दुसरा मॉनिटर हवा असेल तर झिनेरामा ही एक्सची जोडसोय, किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरपुरतं (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतं) ट्विनव्ह्यू. २००७ साली एक्सचा रँडआर १.२ हा विस्तार आला आणि पहिल्यांदा चालू सत्रात मॉनिटर जोडणं, काढणं, डावी-उजवीकडे ठेवणं सर्वसाधारण झालं. ‘एक्सऑर्गच्या कॉन्फिग फाइलमध्ये अमुक ओळी घाला’ (एक्सऑर्ग म्हणजे लिनक्सवरचा एक्स) हा सल्ला त्याआधीच्या जगातला. आज त्या ओळी घातल्या तर बहुतेक वेळा आपोआप होणारं कामही थांबतं.

दुसरा बदल कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात झाला. तोवर ग्राफिक्स हार्डवेअरला डिस्प्ले मोड (रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट) सांगण्याचं काम एक्सचा मुख्य प्रोग्रॅम, एक्स सर्व्हर, स्वतः करत असे, तेही रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने. कर्नल एकीकडून त्याच हार्डवेअरला हात लावी, एक्स दुसरीकडून. झोपवलेला लॅपटॉप जागा केला की पडदा काळाच राहण्याचं मोठं कारण हेच होतं. मार्च २००९ मधल्या २.६.२९ कर्नलपासून इंटेलच्या चिपांसाठी हे काम कर्नलने स्वतःकडे घेतलं, मग एएमडीच्या रेडिऑन चिपा आणि एनव्हिडियासाठीचा मुक्त (कोड सगळ्यांना खुला असलेला) ड्रायव्हर नूव्हो यांचं झालं. याला कर्नल मोडसेटिंग म्हणतात. ‘बूटच्या ओळीत नोमोडसेट लिहा’ या सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा जन्म इथला. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडला तर निदान काहीतरी दिसावं, एवढ्यासाठीच तो पर्याय आहे. कामापुरता वापरून काढून टाकायची ती कुबडी आहे. ती तशीच ठेवली तर कर्नल डिस्प्लेला हातच लावत नाही आणि मग बाहेरचा मॉनिटर कधीच सापडत नाही. मी पाहिलेल्या ‘मॉनिटर दिसत नाही’ अशा तक्रारींपैकी कितीतरी या एका शब्दापाशी येऊन थांबल्या आहेत.

आणि मग फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस जाहीर केलं. आजच्या बहुतेक दुखण्याचं मूळ तिथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कल्पना चांगली होती. लॅपटॉपमध्ये दोन चिपा: इंटेलची कमी वीज खाणारी, एनव्हिडियाची ताकदवान. त्याआधीच्या दोन चिपांच्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर एक खरा स्विच असे. पडद्याची वायर एकीकडून दुसरीकडे वळवणारा. लिनक्समध्ये त्यासाठी कर्नल विकासक डेव्ह एअरली यांनी लिहिलेली व्हीजीए स्विचरू ही सोय २०१० मध्येच कर्नलात आली. ऑप्टिमसने तो स्विचच काढून टाकला. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा कायम इंटेललाच जोडलेला. एनव्हिडियाने चित्र रंगवायचं आणि ते उचलून इंटेलच्या मेमरीत ठेवायचं. इंटेलने ते पडद्यावर दाखवायचं. गेम बंद झाला की एनव्हिडियाची चिप पूर्ण झोपते, बॅटरी वाचते. विंडोजवर हे सगळं ड्रायव्हर गुपचूप सांभाळत असे. लिनक्ससाठी त्या वेळी काहीच दिलं गेलं नाही.

आता बाहेरचं पोर्ट. ते कुठल्या चिपला जोडायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि प्रत्येकाने वेगळं ठरवलं. काही यंत्रांत सगळी पोर्टं इंटेलकडे जातात आणि एनव्हिडियाच्या चिपला पडदा असा नसतोच. हार्डवेअरच्या यादीत ती ‘व्हीजीए कंट्रोलर’ऐवजी ‘थ्रीडी कंट्रोलर’ म्हणून दिसते. काहींत एचडीएमआय एनव्हिडियाकडे जातं. थिंकपॅड डब्ल्यू५२० हे त्याचं जुन्या लोकांना पाठ असलेलं उदाहरण: बाहेरची पोर्टं एनव्हिडियावर, आतला पडदा इंटेलवर. अशा यंत्रावर एनव्हिडियाची चिप झोपलेली असेल, तर बाहेरचा मॉनिटर लावणं म्हणजे फ्यूज काढलेल्या खोलीतलं बटण दाबणं. केबल कितीही महागाची आणा, पलीकडे कुणी जागंच नाही.

कंपनीने हात वर केल्यावर लोकांनी आपापली वाट काढली. २०११ साली बंबलबी हा प्रकल्प सुरू झाला. त्याची युक्ती अशी: एनव्हिडियासाठी पडद्याआड दुसरा एक्स सर्व्हर चालू करायचा, गेम तिथे रंगवायचा आणि तयार चित्र मुख्य पडद्यावर आणून चिकटवायचं. काम झालं की चिपची वीज बंद. त्याच वर्षी त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका डिलीट कमांडच्या मध्ये चुकून एक मोकळी जागा राहिली आणि काही जणांच्या यंत्रावरची सिस्टिमची अख्खी यूएसआर डिरेक्टरी पुसली गेली. पण त्या एका चुकीवरून त्या मंडळींचं मोल ठरवू नये. नोकरी-कॉलेज सांभाळून, हार्डवेअरचं एकही अधिकृत कागदपत्र हातात नसताना त्यांनी हजारो लॅपटॉप वापरण्याजोगे केले. मात्र बाहेरच्या पोर्टांसाठी बंबलबी अपुरंच होतं. त्यासाठी इंटेलच्या ड्रायव्हरसोबत येणारं एक वेगळं हत्यार लावून इंटेलवर खोटा मॉनिटर उभा करायचा आणि त्यातलं चित्र एनव्हिडियाकडे ढकलायचं. चालायचं, पण रोज सकाळी ऑफिसात बसून करण्याजोगं ते काम नव्हतं.

खरं उत्तर कर्नलमधूनच यायला हवं होतं. दोन वेगळ्या चिपांच्या दोन ड्रायव्हरांनी एकमेकांच्या मेमरीतलं चित्र थेट वाचता आलं पाहिजे. त्यासाठीची डीएमए-बफ ही यंत्रणा मार्च २०१२ मधल्या ३.३ कर्नलमध्ये आली. ती लिहिणाऱ्यांत पुढे होते सुमित सेमवाल. मूळ गरज मोबाइल चिपांची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र कॉपी न करता डिस्प्लेला देण्याची. पण लॅपटॉपमधल्या दोन चिपांनाही नेमकं तेच हवं होतं. त्यावर उभं राहिलं प्राइम. डेव्ह एअरली यांनी त्याचा कच्चा नमुना ऑप्टिमसच्या घोषणेनंतर महिन्याभरात दाखवला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये एक्स सर्व्हर १.१३ आणि रँडआर १.४ सोबत ते सगळ्यांना मिळालं. आता एक चिप रंगवणार आणि दुसरी दाखवणार, हे एका कमांडने सांगता येऊ लागलं.

फक्त मुक्त ड्रायव्हरांना. डीएमए-बफची फंक्शनं जीपीएल या मुक्त परवान्याच्या ड्रायव्हरांपुरतीच खुली ठेवलेली होती. एनव्हिडियाच्या अभियंत्याने ती अट सैल करण्याची विनंती केली आणि कर्नलचे जुने जाणते विकासक अॅलन कॉक्स यांनी स्पष्ट नकार दिला: माझा कोड जीपीएलखाली आहे, बंद ड्रायव्हरसाठी तो वापरायला माझी परवानगी नाही. माझं मत विचाराल तर कॉक्स बरोबर होते. कोड फुकट मिळतो म्हणून त्याच्या अटी फुकट होत नाहीत. पण त्याची किंमत काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाने मोजली, हेही तितकंच खरं.

२०१२ च्याच जून महिन्यात फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांना श्रोत्यांतल्या एका महिलेने विचारलं की ऑप्टिमसवाला लॅपटॉप लिनक्सवर चालत नाही, कंपनी मदत करत नाही, करायचं काय. उत्तर देताना टॉर्वाल्ड्सनी कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून एनव्हिडियाला शिवी दिली. तो क्षण जगभर गाजला, पण मुळात प्रश्न लॅपटॉपचा होता हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. सप्टेंबर २०१३ मध्ये एनव्हिडियाने नूव्होच्या लेखकांसाठी पहिलं कागदपत्र खुलं केलं. ते कशाचं होतं? व्हिडिओ बायॉसमधल्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या, डीसीबी नावाच्या तक्त्याचं. कार्डाचं कुठलं आउटपुट कुठल्या पोर्टाला जोडलंय हे तो तक्ता सांगतो. म्हणजे वायर कुठे जाते, याचाच नकाशा.

मधल्या वर्षांचा भाग झरझर सांगतो. २०१३ च्या ३१९ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने ‘मी रंगवतो, इंटेल दाखवेल’ एवढी एक दिशा दिली. उबुंटूने त्यावर प्राइम-सिलेक्ट बांधलं: एनव्हिडिया किंवा इंटेल, एक निवडा आणि लॉगआउट करा. एचडीएमआय एनव्हिडियावर असलेल्या लॅपटॉपला मॉनिटर हवा तर एनव्हिडिया निवडायचं आणि चार्जर सोबत ठेवायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये ४३५ ड्रायव्हरने एकेक प्रोग्रॅमपुरती चिप वापरण्याची सोय दिली. आणि २०२० च्या ४५० ड्रायव्हरमध्ये उलटी दिशा आली, रिव्हर्स प्राइम: डेस्कटॉप इंटेलवर चालतो आणि एनव्हिडियाला लटकलेलं पोर्ट फक्त चित्र दाखवतं. ऑप्टिमसनंतर दहा वर्षांनी.

तोवर एक्स स्वतःच मागे पडू लागला होता. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं वेलँड हे एक्सची जागा घेणारं तंत्र फेडोरा या लिनक्स आवृत्तीने २०१६ पासून डीफॉल्ट केलं. वेलँडमध्ये चित्राची मेमरी देण्याघेण्यासाठी सगळे जीबीएम ही सामाईक पद्धत वापरत. एनव्हिडियाने २०१६ मध्ये स्वतःची ईजीएलस्ट्रीम्स पुढे केली. पाच वर्षं दोन रस्ते चालले. शेवटी ऑक्टोबर २०२१ च्या ४९५ ड्रायव्हरने जीबीएम स्वीकारलं, आणि २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरने एक्सप्लिसिट सिंक. चित्र पूर्ण रंगवून झालंय का, हे एका चिपने दुसरीला स्पष्ट कळवण्याची ही रीत. ती नव्हती म्हणून खिडक्या लुकलुकायच्या, जुनं चित्र मधेच झळकायचं. त्यामुळे ‘लॉगिन करताना वेलँड सोडून एक्सऑर्ग निवडा’ हा सल्ला २०२२ मध्ये अगदी योग्य होता. उबुंटू २५.१० मध्ये डेस्कटॉपचं ते एक्सऑर्ग सत्रच काढून टाकलंय.

एक वेगळा अडथळा इतिहासाच्या या धाग्यात बसत नाही, पण सांगितलाच पाहिजे. सिक्युअर बूट (सही तपासूनच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलात बसणारा भाग, कर्नल उचलत नाही. इन्स्टॉल करताना पासवर्ड मागणारा आणि रीबूटनंतर निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायला सांगणारा टप्पा लोक घाईत वगळतात. मग ड्रायव्हर डिस्कवर असतो, चालत मात्र नाही, आणि एनव्हिडियावरचं एचडीएमआय मृत.

भाचीच्या लॅपटॉपवर मी सर्वांत आधी कर्नल जिथे प्रत्येक डिस्प्ले-जोडणीची नोंद ठेवतो तो डीआरएमचा (कर्नलच्या ग्राफिक्स सांभाळणाऱ्या भागाचा) फोल्डर उघडला. त्यात इंटेलच्या कार्डाखाली आतला पडदा होता. एचडीएमआय हे नावच कुठे नव्हतं. मग ड्रायव्हरांच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर बंबलबीची एक फाइल सापडली. तिने नूव्हो आणि एनव्हिडिया दोन्ही ड्रायव्हर बूटच्या वेळी चढू नयेत म्हणून काळ्या यादीत टाकले होते. २०१२ मध्ये ते बरोबरच होतं, कारण तेव्हा चिपला जागं करण्याचं काम बंबलबीचं असे. फाइल काढली, उबुंटूने सुचवलेला ड्रायव्हर टाकला, सिक्युअर बूटची किल्ली नोंदवली आणि रीबूट केलं. फोल्डरात आता दुसरं कार्ड होतं, त्याखाली एचडीएमआय, आणि त्याच्या स्टेटस फाइलमध्ये एकच शब्द: कनेक्टेड. मॉनिटर उजळला तेव्हा पोरीने टाळीच वाजवली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला की मॉनिटर लावला की पंखा वाजतो आणि बॅटरी भराभर उतरते. उतरणारच, त्या पोर्टासाठी एनव्हिडियाची चिप सतत जागी ठेवावी लागते. टाइप-सी पोर्टाला अडॅप्टर लावून तोच फोल्डर पुन्हा बघायला सांगितला. ती नोंद इंटेलच्या कार्डाखाली उमटली. आता घरी चार्जरवर एचडीएमआय आणि कॉलेजात प्रोजेक्टरला टाइप-सी, असं तिचं चाललंय.