कोरिया आजार: हालचाल थांबते, इंजेक्शन थांबवायचं नसतं

पाचवी-सहावीतल्या मुलीचं अक्षर एकदम बिघडतं, हातातला पेला पडतो, जेवताना भात सांडतो, तोंड वेडंवाकडं होतं, मधेच कारण नसताना रडू येतं. गोव्यात डिचोली असो की फोंडा, घरातलं पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं, "नीट बस गो!" शाळेत वहीवर लाल पेनाने शेरा, घरी आजी दिष्ट काढते, कोणीतरी देवळात गाऱ्हाणं घालायला सुचवतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी पोरीचा घसा दुखत होता, ताप आलेला, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि येणार तरी कसं, घशाचा आणि या हातवाऱ्यांचा संबंध पक्का लावायला डॉक्टरांनाच पावणेतीनशे वर्षं लागलीत.

या आजाराचं नाव सिडनहॅम कोरिया, म्हणजे हात-पाय-चेहऱ्याची ताबा न राहता आपोआप होणारी हालचाल. थॉमस सिडनहॅम हा लंडनचा डॉक्टर, त्याने 1686 मध्ये याचं वर्णन लिहिलं आणि ते आजही वाचताना समोर मूल दिसतं: एक पाय ओढत चालणं, हात एका जागी क्षणभर न राहणं, पेला तोंडापर्यंत सरळ न नेता येणं. उपचार मात्र रक्त काढायचं आणि जुलाब द्यायचे, कारण त्या काळी सगळ्यालाच तेच. पुढे एकोणिसाव्या शतकात तर आर्सेनिकचे थेंबसुद्धा दिले जायचे मुलांना, आज वाचून काटा येतो.

त्याच शतकात डॉक्टरांच्या लक्षात यायला लागलं की ही मुलं आणि सांधे सुजलेली मुलं बऱ्याचदा एकच असतात, आणि पुढे त्यांच्यातल्याच काहींचं हृदय खराब होतं. 1889 साली लंडनच्या चीडलने घसा, सांधे, कोरिया आणि हृदय हे सगळं एकाच आजाराचे तुकडे म्हणून मांडलं. पण जंतू कुठला? ते 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या कोबर्नने दाखवलं, घशातला स्ट्रेप्टोकोकस, म्हणजेच स्ट्रेप. 1944 ला डकेट जोन्स या डॉक्टरने रुमॅटिक फीवर (घशातल्या स्ट्रेपनंतर सांधे, हृदय, मेंदूवर येणारा हाच आजार) ओळखायचे निकष ठरवले आणि त्यात कोरिया मुख्य लक्षणांत घातला, तो आजवर तिथेच आहे.

तरी एक कोडं राहिलंच होतं. कोरियाच्या कितीतरी मुलांमध्ये रक्ताची स्ट्रेपची तपासणी नॉर्मल यायची, सांधे ठीक, ताप नाही, म्हणून काही डॉक्टर म्हणायचे हा वेगळाच आजार. 1956 मध्ये तरांता आणि स्टोलरमन या डॉक्टरांनी ते सोडवलं: कोरिया घशानंतर लगेच येतच नाही, 1 ते 6 महिने जातात, तोवर रक्तातली खूण पुसून गेलेली असते. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आजही एएसओ (रक्ताची हीच स्ट्रेपची तपासणी) रिपोर्ट नॉर्मल आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल कपाटात जाते.

आत होतं काय, तर शरीर त्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि जंतूचे काही भाग आपल्याच पेशींसारखे दिसतात, म्हणून त्या अँटिबॉडी मेंदूत हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या बेसल गँग्लियावर जातात. 1976 मध्ये अशा मुलांच्या रक्तात त्या सापडल्या. म्हणजे पोरगी मुद्दाम करत नाही, झोपली की सगळं थांबतं आणि चिडून ओरडलं की वाढतं.

उपचारांचा खरा टर्निंग पॉइंट पेनिसिलिन. 1950 च्या आसपास अमेरिकेत वायोमिंगच्या हवाई दलाच्या तळावर घसा बिघडलेल्या जवानांना पेनिसिलिन दिलं तर रुमॅटिक फीवर फार कमी जणांना झाला, आणि 1952 मध्ये हळूहळू उतरणारं बेंझाथिन पेनिसिलिन हाताशी आलं. तेच आजचं दर 21 दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन (काही देशांत दर 28), मोठ्या मुलांना 12 लाख युनिट. हालचालीसाठी व्हॅल्प्रोएट देतात, कधी हॅलोपेरिडॉल पण त्याने अंग आखडू शकतं, जास्त असेल तर स्टिरॉइड, आणि सौम्य असेल तर काहीच नाही, काही महिन्यांत बहुतेक वेळा ते आपोआप जातं.

आणि इथेच घोळ होतो. हालचाल गेली म्हणजे मुलगी बरी झाली असं वाटतं, इंजेक्शन दुखतं, दर तीन आठवड्यांनी शाळा बुडवून सत्तरीतून नाहीतर पेडण्यातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायचं, एखाद्या ठिकाणी रिअ‍ॅक्शनच्या भीतीने द्यायलाच तयार नसतात, मग एक तारीख चुकते, मग दुसरी. पण ते इंजेक्शन हातांसाठी नसतंच, पुढच्या घशाच्या इन्फेक्शनने हृदयाच्या झडपा जाऊ नयेत म्हणून असतं. म्हणून ईको (हृदयाची सोनोग्राफी) सगळ्यांचा करायचा, छातीत काही ऐकू आलं नाही तरीही. हृदय ठीक असेल तर इंजेक्शन किमान 5 वर्षं किंवा वय 18 ते 21 होईपर्यंत, जे नंतर येईल ते, आणि झडप बिघडली असेल तर त्याहून कितीतरी जास्त वर्षं.

पॅन्डासबद्दल पण लोक विचारतात. 1998 मध्ये अमेरिकेत सुसान स्वेडो आणि सहकाऱ्यांनी 50 मुलांवरून हे नाव मांडलं, स्ट्रेपनंतर अचानक येणारं ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती) आणि टिक्स (डोळे मिचकावणं, मान उडवणं असे झटके). कोरियाच्या मुलांमध्ये ओसीडीसारखी लक्षणं दिसतात त्यावरूनच तो विचार सुरू झाला. वाद अजून आहे, कारण शाळेच्या वयात स्ट्रेप तर येत-जात असतो आणि टिक्स पण आपसूक कमीजास्त होतात, मग योगायोग कुठला आणि कारण कुठलं? यावर आयव्हीआयजीचा (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडींचा) 1999 चा अभ्यास चांगला आला, 2016 चा मात्र प्लासिबोपेक्षा (नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा) वेगळा निघाला नाही. म्हणून एवढं महाग औषध मागायला धावण्याआधी मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, आणि तोवर टिक्स-ओसीडीचे नेहमीचे उपचार थांबवू नका.

अजून एक, जे मुलगी लहान असताना कोणी सांगत नाही. हा आजार मुलींमध्ये जास्त, आणि ज्यांना लहानपणी होऊन गेला त्यांच्यात तो पुढे गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर परत येऊ शकतो. तेव्हा जुनी फाइल जपून ठेवा आणि लग्नानंतर सासरच्या गावच्या डॉक्टरलाही ती दाखवायला सांगा.